सिडनीला पेंढा चालत नाही

जोह्यात गणपती बारा महिने मुक्कामाला असतात. अनंत चतुर्दशीला बाकीचा महाराष्ट्र विसर्जन आटोपून घरी परततो, आणि इथल्या शेडमध्ये त्याच आठवड्यात रबरी साचे धुऊन वाळत घातले जातात. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत पेणच्या अलीकडचं स्टेशन हमरापूर. तिथं उतरलं की हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावं एकमेकांना खेटून लागतात. पेण शहरात देवधर घराण्यानं नावारूपाला आणलेला हा धंदा या गावांच्या पडव्यांत, खळ्यांवर आणि रस्त्याकडेच्या पत्र्याखाली पसरला आहे. रंग न लागलेल्या मूर्तीला इथे ‘कच्चा माल’ म्हणतात. कच्चा माल टेंपोंनी महाराष्ट्रभर जातो आणि तिथले रंगारी त्याला डोळे देतात. पक्का माल, म्हणजे आखणी झालेला, त्याहून थोडा. आणि त्या थोड्यातलाही थोडा परदेशी जातो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला ‘सीमा’. सीमेवरची जकात, आयातीचे दाखले, मालावरचे शिक्के, असं काहीतरी लिहा म्हणाले. त्यासाठी सरळ बंदरात जायचं ते सोडून मी जोह्यात गेले. आयात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आपल्याकडे येणारा माल उभा राहतो. पण जोह्याचा गणपती मेलबर्नच्या धक्क्यावर उतरतो तेव्हा तोही आयात मालच असतो, आणि तिथल्या अधिकाऱ्याला त्याचं सोवळंओवळं ठाऊक नसतं. परदेशातला आयातदार जे कागद पुढे करतो, त्यांतलं निम्मं खरंखोटं जोह्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये ठरलेलं असतं.

पेंढ्याची गोष्ट

पुण्याला किंवा नाशिकला जायच्या मूर्तीला पेंढ्यासारखं दुसरं आवरण नाही. घरच्या भाताचा, फुकटचा, मऊ आणि दाबला तरी पुन्हा फुगणारा. सोंड आणि हात यांच्यामधल्या पोकळीत त्याची गुंडाळी बसवायची, कानांमागे दोन मुठी, की वडखळचे खड्डेसुद्धा मूर्तीला काही करत नाहीत. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात आणि त्यांचा हात विलक्षण सरावलेला असतो.

परदेशी ऑर्डरच्या शेडमध्ये मात्र पेंढ्याची काडीही दिसत नाही. कागदाच्या पट्ट्या, फोमच्या शीट, बबलचे गुंडाळे. ऑस्ट्रेलियाचा माल असेल तर शेजारच्या शेडमधून उडून आलेला पेंढाही झाडून काढावा लागतो, असं एका कारखानदारानं सांगितलं. त्याला ते अजूनही थोडं हास्यास्पद वाटतं. गाईला घालतो ते गवत, त्यात विष कुठलं?

विष नाही, पण पाहुणे असतात. भाताच्या काडीत किडींची अंडी राहतात, तणाचं बी राहतं, बुरशी राहते. ऑस्ट्रेलियाची शेती ही समुद्रानं वेढलेली आणि अनेक किडींपासून अजून सुटलेली शेती आहे. साठवलेल्या धान्याला लागणारा खापरा भुंगेरा तर त्यांचा मोठा धसका, आणि तो मूळचा आपल्याकडचा. म्हणून तिथल्या कृषी खात्यानं पॅकिंगमध्ये पेंढा, गवत, भुसा, भाजीफळांची वापरलेली खोकी यांना सरसकट मनाई केली आहे. प्रत्येक कंटेनरसोबत ‘पॅकिंग डिक्लरेशन’ नावाचा एक साधा कागद जातो. त्यात प्रश्न मोजकेच: मनाई असलेलं साहित्य किंवा बांबू वापरला आहे का? लाकूड वापरलं आहे का? असेल तर त्यावर प्रक्रिया झाली आहे का? उत्तरं हो किंवा नाही, आणि खाली सही.

हा कागद खोटा निघाला तर कंटेनर उघडला जातो. मग माल धुरी देऊन सोडतात, परत पाठवतात किंवा नष्ट करतात. तिन्हीचा खर्च आयातदाराच्या माथी. पण खर्चापेक्षा मोठी गोष्ट तारखेची. फर्निचर दहा दिवस अडकलं तर दहा दिवस उशिरा विकलं जातं. गणपती दहा दिवस अडकला तर चतुर्थी होऊन जाते. कायद्याच्या पुस्तकात मूर्ती नाशवंत मालात येत नाही. पंचांगाप्रमाणे तिच्याइतका नाशवंत माल दुसरा नाही. शुल्क पैसे भरून सुटतं. कागद चुकला तर ती तिथी कुठल्याच खिडकीवर विकत मिळत नाही. या धंद्यातली माणसं जकातीच्या टक्केवारीपेक्षा पॅकिंगच्या कागदाला का भितात, ते इथे कळलं.

लाकडाला ताप

मोठ्या मूर्तीला लाकडी पेटी लागते, आणि पेटीला शिक्का लागतो. शिक्क्यावर एका बाजूला गव्हाच्या लोंबीची खूण, पलीकडे देशाचं ‘आयएन’, प्रक्रिया करणाऱ्या केंद्राचा क्रमांक आणि एचटी किंवा एमबी ही अक्षरं. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं दिलेली. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी. हा नियम २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा. जगातले बहुतेक देश तो मागतात. आपल्याकडे ही केंद्रं केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या मान्यतेनं चालतात.

म्हणजे देवाला दाखला लागत नाही, त्याच्या पेटीला लागतो. गावातल्या सुतारानं आंब्याच्या फळ्यांची कितीही देखणी पेटी ठोकली तरी ती न्हावा शेवा बंदराच्या पुढे जात नाही. यावर इथल्या मंडळींनी शोधलेली पळवाट कायदेशीर आहे: प्लायवूड. डिंक, उष्णता आणि दाब यांतून गेलेल्या लाकडाला या नियमातून सूट आहे. त्यामुळे निर्यातीच्या पेट्या दिवसेंदिवस प्लायच्या होत चालल्या आहेत आणि सुताराकडे स्थानिक मखरांचं काम तेवढं उरलं आहे. मूर्तीखालचा लाकडी पाट ही आणखी वेगळी डोकेदुखी. तो पॅकिंग नव्हे, मालाचाच भाग. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तूंचे नियम निराळे. सरळ उपाय म्हणजे पाट न देणं. बैठक मूर्तीतच ओतून काढायची.

शाडूची मूर्ती समुद्रावर आणखी एका शत्रूला भेटते. दिवसा तापलेला कंटेनर रात्री थंड झाला की आतल्या हवेतलं पाणी पत्र्याच्या छताला धरतं आणि थेंब थेंब खाली पडतं. भट्टीत न भाजलेल्या मातीला पाणी लागलं की काय होतं ते आपण दरवर्षी विसर्जनाला पाहतोच. त्यामुळे कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या लटकवतात, आणि तरीही बरेच व्यापारी लांबच्या प्रवासाला प्लास्टरच पसंत करतात.

६८ की ६९?

ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेनं १९८८ पासून चालू केलेली मालाची वर्गवारी आज जवळजवळ सगळं जग वापरतं. सहा आकडी क्रमांक. पहिले दोन प्रकरणाचे, पुढचे दोन शीर्षकाचे. आपण त्याला आणखी दोन आकडे जोडतो. कस्टमच्या खिडकीवर वस्तूचं नाव दुय्यम, हा एचएस कोड मुख्य. शुल्क त्यावरून, बंदी त्यावरून, कुठला दाखला लागेल तेही त्यावरूनच.

त्या वर्गवारीत देवाला वेगळी जागा नाही. वस्तू कशाची आहे, एवढंच ती पाहते. प्लास्टरची मूर्ती म्हणजे ६८०९, प्लास्टरच्या वस्तू. सजावटीचे आणि खोलीच्या पार्टिशनचे प्लास्टरचे तुकडे तिथे तिचे शेजारी. शाडूची मूर्ती म्हटल्यावर नवशिक्याचा हात ६९व्या प्रकरणाकडे जातो, कारण तिथे चिनी मातीच्या आणि भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. पण त्या प्रकरणाच्या पहिल्याच टिपेत अट आहे: आकार दिल्यावर भाजलेली वस्तूच यात बसेल. शाडू भाजत नाहीत. मग ६८व्या प्रकरणाच्या शेवटी, ‘दगड व इतर खनिज पदार्थांच्या अन्यत्र न आलेल्या वस्तू’ अशा अडगळीच्या शीर्षकाखाली बाप्पांना बसावं लागतं. इथे चुकीचा कोड पडला तर पलीकडचा अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारतो, आणि प्रश्न म्हणजे दिवस.

याच आकड्यांचा एक फायदाही आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार सवलत हवी तर माल खरोखर भारतात घडला, हे मूळ देशाच्या दाखल्यानं सिद्ध करावं लागतं. अशा करारांत एक नेहमीची कसोटी म्हणजे कच्च्या मालाचा कोड आणि तयार वस्तूचा कोड वेगळा झाला का. प्लास्टर २५व्या प्रकरणात, मातीही २५व्या; मूर्ती ६८व्यात. साच्यात ओतणं, जोड घासणं, हात बसवणं, आखणी, शेडिंग या सगळ्या कारागिरीची नोंद कस्टमच्या भाषेत एवढीच: पंचवीसचं अडुसष्ट झालं. मला आधी हे अपमानास्पद वाटलं. मग लक्षात आलं, या गावांच्या कामाची कुठल्याही सरकारी कागदावर होणारी ही त्यातल्या त्यात नेमकी नोंद आहे.

रंगात शिसं, मुकुटात पीस

आखणी करणारा कारागीर या गावांतला मानकरी. भुवईची एक रेघ ओढताना तो श्वास धरतो. पण परदेशी मालाच्या बाबतीत त्याच्या कुंचल्याआधी डबा तपासला जातो. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, ही मर्यादा अमेरिकेत २००९ पासून आहे. भारतानंही घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी तोच ९०चा आकडा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू केला. जाणता ग्राहक त्यामुळे प्रयोगशाळेचा अहवाल मागतो. अडचण अशी, की गल्लीच्या दुकानातून सुटा घेतलेल्या रंगाचा अहवाल कोण देणार? चांगल्या कंपनीचा बंद डबा घ्यावा लागतो, त्याचं बिल ठेवावं लागतं, आणि एका ऑर्डरसाठी एकाच खेपेचा रंग वापरावा लागतो. सोनेरी संपला म्हणून शेजारच्या कारखान्यातून वाटीभर आणला, हे इथलं जुनं शेजारधर्माचं वागणं निर्यातीच्या शेडमध्ये चालत नाही.

युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून सर्वसाधारण वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा नियम आला आहे. वस्तूसाठी जबाबदार असलेली, युरोपातच पत्ता असलेली व्यक्ती किंवा संस्था हवी, आणि तिचं नाव मालावर किंवा खोक्यावर हवं. मंडळाच्या चिटणिसानं एकट्यानं पेणहून मूर्ती मागवून ढोलताशात न्यायची, हे दिवस तिथे कठीण झाले आहेत. अमेरिकेची मागणी साधी, पण गमतीची. १९३० च्या कायद्याप्रमाणे परदेशी वस्तूवर ती कुठल्या देशात बनली ते सहज दिसेल आणि टिकेल असं लिहिलेलं हवं. आता ‘मेड इन इंडिया’ देवाच्या अंगावर लिहायचं कुठे? बैठकीच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला. तेवढा भाग रंगवताना कोरा सोडायचा, हे नव्या मुलांना शिकवावं लागतं.

आणि मोरपीस. कृष्णरूपातल्या गणपतीच्या मुकुटात खरं पीस खोवलं की मूर्ती जिवंत वाटते, यात वाद नाही. पण मोराची पिसं आणि पिसांच्या वस्तू भारतातून बाहेर पाठवायला बंदी आहे. हा अडसर परदेशातला नाही, आपल्याच दारातला. म्हणून निर्यातीच्या कृष्णगणेशाला पीस रंगानं काढतात किंवा प्लास्टिकचं लावतात. सोबत पूजेचं साहित्य पाठवण्याचा मोहही टाळावा लागतो. तांदूळ, सुपारी, दूर्वा यांतलं काही मूर्तीच्या खोक्यात सापडलं की मूर्तीचं प्रकरण बाजूला राहतं आणि बियाण्याचं सुरू होतं.

बंदराकडून परत येणारा ट्रेलर

न्हावा शेवा बंदर याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. १९८९ पासून चालू. फेब्रुवारी ते मे या काळात जोह्याच्या पेट्या घेऊन गाड्या तिकडे जातात. एवढ्या आधी, कारण जहाजाला वेळ लागतो आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. त्यात दहा ते चौदा दिवसांची भर. अमेरिकेचा माल असेल तर तो इथे जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी त्याची माहिती तिकडच्या कस्टमला पोचलेली हवी. देव निघायच्या आधी त्याचे कागद पोचतात.

त्याच रस्त्यानं उलट दिशेला जे कंटेनर येतात, त्यांत आपला सण असतो. दिव्यांच्या माळा, खेळणी, प्लास्टिकची तोरणं, राळेचे गणपती. जून २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गणपतीच्या मूर्तीसुद्धा चीनमधून का आणाव्यात, असा जाहीर सवाल केला होता. जोह्यात तो अजून आठवतात. पण नुसत्या सवालानं कंटेनर थांबत नाही. थांबतो तो नियमानं, आणि खेळण्यांच्या बाबतीत आपण तो केला. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे आयएसआयच्या, शिक्क्याशिवाय खेळणं विकायला बंदी.

हा शिक्का आयातदाराला मुंबईत बसून मिळत नाही. तो परदेशातल्या कारखान्याला मिळवावा लागतो. ब्युरोचे अधिकारी तिकडे जाऊन कारखाना पाहतात, नमुने तपासले जातात, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, बँक हमी द्यावी लागते. जोह्याच्या कारखानदाराला सिडनीचा कागद जितका परका, तितकाच तिकडच्या कारखानदाराला हा. त्याचा परिणाम दिसला. २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात आपली खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली, असं सरकारनं जाहीर केलं आहे. आपल्या हस्तकारागिरांची नोंदणी असेल तर त्यांना या शिक्क्यातून सूट आहे. तेवढं शहाणपण नियम करणाऱ्यांनी दाखवलं, हे नमूद केलं पाहिजे.

क्लिअरिंग एजंटला, ज्याला बंदरात सगळे जुन्या सवयीनं सीएचए म्हणतात, खरा घाम फुटतो तो सीमारेषेवरच्या मालानं. बॅटरी घातली की आरती म्हणणारा आणि हात हलवणारा गणपती हे खेळणं की शोभेची वस्तू? चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं यासाठी बनवलेलं ते खेळणं, अशी नियमाची व्याख्या. आयातदार म्हणतो, हा टीव्हीवर ठेवायचा. अधिकारी म्हणतो, खोक्यावर हसणाऱ्या पोराचं चित्र आहे. विजेच्या खेळण्याचं मानक लागलं आणि शिक्का नसला की सीमाशुल्क कायद्याच्या १११व्या कलमाखाली माल जप्तीला पात्र. वर्णन चुकीचं दिल्याचा ठपका ठेवायलाही तेच कलम. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, संगणकावर भरलेलं असतं, ते तपासणारा अधिकारी चेन्नईत बसलेला असू शकतो, आणि इकडे यार्डात कंटेनरचं भाडं चढत असतं. दिव्यांच्या माळांनाही ब्युरोची सक्तीची नोंदणी आहे. खोक्यावर ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक दिसतो का, ते दिवाळीत घरी पाहा.

चतुर्थीच्या दिवशी ५० टक्के

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि नेमक्या त्याच दिवशी भारतीय मालावरचं अमेरिकेचं वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. त्या दिवशी बसलेले अमेरिकेतले गणपती केव्हाच उतरले होते, त्यामुळे त्यांना त्याची झळ लागली नाही. एप्रिलनंतर निघालेल्यांना लागले ते १० टक्के. झळ होती ती पुढच्या वर्षीची. परदेशी ऑर्डरी दिवाळीच्या आगेमागे पक्क्या होतात आणि भाव तेव्हाच बोलले जातात. शुल्क भरतो अमेरिकेतला आयातदार, हे खरं. पण तो तेवढा भाव पाडून मागतो. व्यापारी ते जोह्याकडे सरकवतो. जोहे कुणाकडे सरकवणार? कच्च्या मालाच्या गोणीचा भाव ठरलेला, आखणीचा नगावर ठरलेला.

घरगुती मूर्तीची वाट वेगळी होती. भाऊबंदांनी एक खोकं टपालानं धाडायचं, आणि ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलाला अमेरिकेत शुल्क नसायचं. २९ ऑगस्टपासून ती सवलतही गेली. आपल्या टपाल खात्यानं तर २५ ऑगस्टपासूनच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं काही काळ थांबवलं होतं.

त्यात ते वर्ष या गावांना घरातच जड गेलं. ३० जानेवारीला उच्च न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्तींवरची बंदी कडक पाळायला सांगितलं तेव्हा शेडमध्ये ओतून ठेवलेल्या मूर्तींचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात होता. ९ जूनला बनवायला आणि विकायला परवानगी मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन करायचं नाही या अटीवर. मधले चार महिने कर्जाचे हप्ते थांबले नाहीत.

मी बोलले त्या कारखानदारांतल्या बहुतेकांनी स्वतःच्या नावानं कधी निर्यात केलेली नाही. निर्यातदार म्हणून नाव लागतं ते शहरातल्या व्यापाऱ्याचं. पॅकिंग डिक्लरेशनवर सहीही त्याची. पट्ट्या कोंबणाऱ्या बायकांनी तो कागद पाहिलेला नाही. पेंढा नको, एवढा निरोप फोनवर येतो. का नको, ते येत नाही. हे मला सगळ्यांत खटकलं. ज्या हातांवर कंटेनर सुटणं अवलंबून आहे, त्यांच्यासाठी मराठीत एक पानभर सूचना भिंतीवर लावायला कुणाचं काय जातं?

एका तरुणानं यंदा स्वतःचा आयात-निर्यात कोड काढला आहे. फी फक्त ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन, बँकेची नोंद झाली की मोकळा. त्याला ऑस्ट्रेलियातल्या एका मंडळाची छोटी ऑर्डर मिळायच्या बेतात आहे. अडचण आकाराची. पूर्ण कंटेनर भरेल एवढा माल नाही, म्हणजे चार-पाच जणांच्या मालासोबत वाटून घेतलेल्या कंटेनरमध्ये जागा घ्यावी लागणार. त्याचा कागद चोख असला तरी सोबतच्या कुणाच्या खोक्यात पेंढ्याची काडी निघाली, तर अख्खा कंटेनर थांबणार. उरलेल्या चार जणांची नावं त्याला आधी कळणार नाहीत, असं सीएचएनं त्याला सांगितलं आहे. म्हणून तो आता तांबडशेतच्या दोघांना गाठून, कंटेनर आपल्याच गावांच्या मूर्तींनी भरतो का, ते बघतो आहे.